डोंगर तुमच्या सहीवर उभा आहे : वाडीवाडीच्या मुंबई मंडळांना खुलं पत्र

संगमेश्वर, चिपळूण आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या सगळ्या वाड्यांच्या मुंबई मंडळांचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि समस्त चाकरमानी भावाबहिणींनो,

नमस्कार.

पत्र मंत्र्यांना का नाही, कलेक्टरला का नाही, असं कोणीतरी विचारणार म्हणून आधी तेच सांगते. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यात जंगल आहे तरी किती, अगदी नावाला. विदर्भात जंगल म्हटलं की बहुतेक सरकारी, मेळघाट घ्या नाहीतर ताडोबा घ्या, आपल्याकडे उलटं आहे. वर घाटमाथ्याला कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला 2010 साली, तिथे गार्ड आहेत, चौक्या आहेत, कॅमेरे आहेत. कड्याखाली आपल्या बाजूला उतरलात की जी हिरवीगार झाडी दिसते, जिचे फोटो तुम्ही पावसाळ्यात स्टेटसला ठेवता, ती जवळजवळ सगळी मालकीची. सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव, त्याखाली वारसांची वीस-पंचवीस नावं, आणि त्यातली निम्मी माणसं नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवलीला. म्हणजे गावचा डोंगर राखायचा की बोडका करायचा हे मंत्रालयात ठरत नाही हो, ते तुमच्या सहीवर ठरतं. म्हणून पत्र तुम्हाला.

सही कशी होते तेही लिहिते, कारण ती कोणी वाईट मनाने करत नाही हे मला माहीत आहे. लाकूडवाला ठेकेदार आधी गावात राहिलेल्या एखाद्या भावाला गाठतो, थोडा ॲडव्हान्स देतो, मग मुंबईला फोन सुरू होतात. गणपतीला सगळे येतातच, पाच दिवसांत आरत्या, भजनं, पाहुणे, परतीच्या तिकिटाचं टेन्शन, त्या गडबडीत कोणीतरी स्टॅम्पपेपर पुढे करतं, काका इथे सही करा, थोडी झाडी तोडायची आहे, काजू लावायचे आहेत, आणि काका सही करतात. एकदा कुलमुखत्यारपत्र दिलं की पुढे कोणाला विचारायलाही लागत नाही. कुठली झाडं तोडायची, कुठली ठेवायची, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठची की माथ्यावरची, काहीच लिहिलेलं नसतं. 1964 चा वृक्षतोडीचा कायदा आहे, ऐन, किंजळ, खैर, हिरडा, जांभूळ अशा झाडांना परवानगी लागते, पण कागदावर ठराविक झाडं आणि डोंगरावर सरसकट सगळंच, हे गावात राहणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं, मुंबईत बसलेल्याला नाही. आणि वाटणी झाल्यावर एकेकाच्या हातात जे येतं ते बघून कितीतरी जण नंतर स्वतःच म्हणतात की एवढ्यासाठी का दिलं.

आम्हा बहिणींच्या सह्या तर त्याहून सोप्या. 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे, तरी आम्हाला बोलावतात ते हक्कसोड पत्रावर सही करायला. माझं माहेर आणि सासर दोन्ही देवरूखच्या वरच्या अंगाला, दोन्हीकडचा डोंगर मी रोज बघते, आणि ज्या बायका त्या डोंगरातून पाणी आणतात, रातांबे म्हणजे कोकमाची फळं आणतात, सरपण आणतात त्यांना डोंगर तोडायला द्यायचा का हे आजवर कुठल्या मंडळाच्या मीटिंगमध्ये विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

आता कोणी म्हणेल पूर्वीही तोडत होते. तोडत होते, मी कुठे नाही म्हणते. भाजावळीला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला, कवळ म्हणजे पाल्याच्या फांद्या तोडायचे, घराला वासे लागायचे, चुलीला जळण लागायचं. पण कुऱ्हाडीने खुंट ठेवून तोडलेला ऐन पुढच्या पावसात फुटतो, मुळं जागच्या जागी असतात, माती धरून ठेवतात, दहा-बारा वर्षांत परत झाडी उभी राहते. आता काय होतं, चेनसॉने चार दिवसांत डोंगर साफ, मागोमाग जेसीबी येतो तो खुंट मुळासकट उपटतो, उतारावर पायऱ्या कापतो, ट्रक वर न्यायला रस्ता काढतो, आणि हे सगळं एप्रिल-मे मध्ये, बरोबर पावसाच्या तोंडावर. त्यावर आपला तीन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस. ती सुटी झालेली माती जाणार कुठे? आधी पऱ्यात, पऱ्यातून सोनवीत, बावनदीत, तिथून शास्त्रीत आणि खाडीत. तिकडे चिपळूणच्या बाजूला वाशिष्ठीत.

वाशिष्ठीचं 22 जुलै 2021 ला काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको, तुमच्यातल्या कितीजणांचे नातेवाईक चिपळूणच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर, पत्र्यांवर अडकून होते, फोन लागत नव्हते. त्या पुराला एकच कारण नव्हतं, पाऊस ढगफुटीसारखा होता, खाडीला भरती होती, पण पात्रात साठलेला गाळ हेही कारण होतंच, म्हणून तर नंतर चिपळूणकरांना गाळ काढा म्हणून साखळी उपोषणाला बसावं लागलं. मग गाळ काढायला सुरुवात झाली, चांगलंच झालं, त्या लोकांचे आभारच मानायला हवेत. पण खालून गाळ काढायचा आणि वरून दरवर्षी नवीन माती सोडायची, असं किती वर्षं चालणार? त्याच दोन दिवसांत महाडच्या तळियेवर आणि खेडच्या पोसऱ्यावर डोंगर खाली आला, माणसं घरासकट गाडली गेली. प्रत्येक दरडीला तोडच कारणीभूत असं मी म्हणणार नाही, ते भूगर्भशास्त्राचे जाणकार सांगतील, पण ज्या उताराची मुळं आपणच उपटली त्याच्या खाली म्हातारे आईबाप झोपलेले आहेत हे सही करताना डोळ्यासमोर आणा एवढंच म्हणणं आहे.

आणि वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहते म्हणून पाणी भरपूर आहे असं समजू नका, ते कोयनेच्या वीजप्रकल्पातून सोडलेलं पाणी आहे, घाटापलीकडचं. आपल्या डोंगरात स्वतःचं पाणी किती उरलंय ते बघायचं असेल तर गणपतीत येऊन दिसणार नाही, तेव्हा सगळीकडे धबधबेच असतात. मार्च-एप्रिलमध्ये या. ज्या पऱ्याच्या डोक्यावर झाडी शाबूत आहे तिथे कोंडीत, म्हणजे पात्रातल्या डोहात, पाणी असतं, गुरं पितात, मुलं डुंबतात. ज्याच्या वरचा डोंगर उघडा झाला तो पऱ्या होळीच्या आत आटतो, मग टँकरची वाट बघायची, मग बायकांनी हंडे घेऊन रस्त्यावर बसायचं. एवढा पाऊस पडणाऱ्या मुलखात टँकर येतो याची लाज आपल्या सगळ्यांना वाटली पाहिजे.

जनावरांचं बोलायचं तर ग्रुपवर तुम्ही दोनच गोष्टी टाकता, बिबट्याचा व्हिडिओ आणि माकडांनी बाग उद्ध्वस्त केल्याचे फोटो. दोन्ही खरं आहे, माकडांचा आणि डुकरांचा त्रास गावात राहणाऱ्यालाच होतो, मी स्वतः काकडी-पडवळ लावायचं सोडून दिलंय. पण उंबर गेले, जांभळी गेल्या, अळू-करवंदाची जाळी गेली आणि सगळा डोंगर काजू-कलमांचा झाला तर ते माकड खायला दुसरीकडे कुठे जाणार? 1990 साली रोजगार हमीतून फळबाग योजना आली, तिने पडीक वरकस जमिनीवर कलमं उभी राहिली, लोकांच्या हातात चार पैसे आले, ते वाईट झालं असं कोणी म्हणणार नाही. चुकतंय ते उभं जंगल कापून तिथे बाग लावण्यात.

धनेश पक्षी तुम्ही लहानपणी बघितला असेल, त्याच्या पंखांचा आवाज लांबून येतो, वर बघायच्या आत डोक्यावरून जातो. त्याला घरट्यासाठी म्हातारं झाड लागतं, बेहडा नाहीतर तसंच एखादं ढोलीचं झाड. मादी ढोलीत जाऊन आतून तोंड लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट, आणि पिल्लं होईपर्यंत नर बाहेरून फळं आणून भरवतो. दहा-बारा वर्षांनी तोडल्या जाणाऱ्या जंगलात असली ढोली तयारच होत नाही, झाड तेवढं जाड व्हायला माणसाचं आयुष्य जातं. म्हणून डोंगर परत हिरवा दिसला तरी धनेश परत येत नाही. ठेकेदाराला असं जुनं झाड म्हणजे एका झाडात अर्धा ट्रक. तुम्ही कागदावर एवढं जरी लिहून घेतलंत की बेहडा, उंबर, वड आणि ढोलीची झाडं तोडायची नाहीत, तरी खूप काही वाचेल.

आणि खवल्या मांजर. हे तर आपल्याच भागातून चोरून विकलं जात होतं, खवल्यांसाठी. देशाच्या कायद्यात त्याला सगळ्यात वरचं संरक्षण आहे, जगभर त्याच्या व्यापाराला बंदी आहे, तरी रात्री कुत्री घेऊन बिळं शोधणारे होतेच. मग चिपळूण तालुक्यात डुगवे गावाने काय केलं ऐका. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेबरोबर मिळून 2020 साली जागतिक खवले मांजर दिनाला गावाने खवलोत्सव केला, खवल्या मांजराची प्रतिकृती केली, पूजा केली आणि पालखीत बसवून नाचवली. शिमग्याला जशी देवाची पालखी नाचते तशी! ज्या जनावराला देवाच्या पालखीचा मान मिळाला त्याच्यावर हात टाकायला गावातला माणूस दहा वेळा विचार करेल, आणि बाहेरचा माणूस आला तर गावच त्याला अडवेल. वनखात्याने शंभर बोर्ड लावून हे झालं नसतं. मला त्या गावाचा फार अभिमान वाटतो.

याच संस्थेने मंडणगडच्या वेळासला 2002 पासून कासवांची अंडी राखायचं काम सुरू केलं, गाव समुद्रकाठचं आहे, आपलं डोंगरातलं, पण मुद्दा तोच, पूर्वी जी अंडी चोरीला जायची ती गावातलीच पोरं राखायला लागली आणि कासवाची पिल्लं बघायला येणाऱ्या माणसांनी घराघरात मुक्काम करायला सुरुवात केली. म्हसळ्याच्या चिरगावने गिधाडं राखली. दोडामार्गात बांबर्डे गावाने देवाची राई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली झाडी, म्हणून जी दलदलीची जागा पिढ्यान् पिढ्या तोडली नाही तिथे जंगली जायफळाच्या जातीची अशी झाडं निघाली की सगळ्या महाराष्ट्रात ती फार थोड्या ठिकाणी आहेत, आता ते जैवविविधता वारसा स्थळ झालंय, जागा केवढी तर 2.59 हेक्टर. आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात 2020 मध्ये जगाला नवीन असलेली माशाची जात सापडली, तीही देवाच्या पाण्यात कोणी हात घातला नाही म्हणूनच टिकली असणार. महाडजवळ काळ नदीत वाळणकोंड आहे, तिथले मासे देवीचे, कोणी गळ टाकत नाही, भाकरी टाकली की ढीगभर मासे वर येतात. आणि आपण? पहिल्या पावसात अंडी घालायला वर चढणारे चढणीचे मासे पकडतो ते एक वेळ समजू शकते, पिढ्यांपासून चाललंय, पण कोंडीत ब्लिचिंग पावडर टाकायची, बॅटरीचा करंट सोडायचा आणि बोटाएवढी पिल्लंसुद्धा मारायची, हे कुठलं शहाणपण. सुट्टीला आलेली पोरं हे करतात, आणि त्यांचे आईवडील मुंबईचेच असतात, स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

आता जरा नाजूक विषय. देऊळ.

तुमच्या मंडळांनी गावासाठी काय नाही केलं, शाळेला कॉम्प्युटर दिले, पाखाड्या बांधल्या, कोविडच्या वेळी धान्य पाठवलं. आणि देवळांचा जीर्णोद्धार केला. भक्तीनेच केला, वर्गणी पोटाला चिमटा काढून दिली हे मला माहीत आहे. पण कौलारू देऊळ जाऊन स्लॅबचं झालं, मग सभामंडप, मग पेव्हर ब्लॉक, मग गाड्या लावायला जागा, आणि ही सगळी जागा आली कुठून, तर राईतून. काही ठिकाणी तर बजेट कमी पडलं म्हणून राईतलीच जुनी झाडं विकून पैसे उभे केले. आपल्या वाडवडिलांनी काय नियम केला होता, राईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, देवाच्याच कामाला लाकूड लागलं तरी आधी गुरवाने कौल लावायचा, देवाने उजवा, म्हणजे होकाराचा, कौल दिला तर तोडायचं. ती राई हेच देवाचं घर होतं, देऊळ तिच्यात नंतर आलं. अजूनही बघा, ज्या गावात राई शाबूत आहे त्या गावचा झरा तिच्यातच असतो आणि तो मे महिन्यातही वाहतो. मार्लेश्वरला संक्रांतीच्या लग्नाला आपण सगळे जातो, वरून पडणारी ती धार, ती दरी, ती झाडी काढून टाकली तर मागे नुसती गुहा राहील. तर पुढच्या जीर्णोद्धाराच्या एस्टिमेटमध्ये एक ओळ घाला की राईतलं एकही झाड पडणार नाही, आणि राईची मोजणी करून तिची हद्द दगड लावून पक्की करायला तुमच्या वर्गणीतले पैसे खर्च करा. देव नक्की पावेल.

कायद्याने काय करता येतं ते थोडक्यात सांगते, आम्ही तालुक्याला जाऊन विचारून आलोय. वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीनंतर सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून सोय आहे, ती खास खाजगी आणि गावाच्या जमिनीसाठी, मालक स्वतः तयार असेल तरच होतं, जबरदस्ती नाही. जमीन तुमचीच राहते, सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही. गावातली माणसं बसलेली समिती कारभार बघते, आणि त्या समितीच्या ठरावाशिवाय आणि सरकारच्या मान्यतेशिवाय जमिनीचा वापर कोणाला बदलता येत नाही. म्हणजे उद्या एखादा वारस फुटला आणि दलालाला भेटला तरी डोंगर सुरक्षित. याची दुसरी बाजूही आहे, उद्या तुम्हाला स्वतःला तिथे काही करायचं झालं तरी समितीला विचारावं लागेल, हे कळून-सवरून करायचं काम आहे, घाईने नको. ते मोठं वाटत असेल तर 2002 च्याच जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायला हवी, कागदावर असतेही, तिला जागी करा. गावात कुठली झाडं, कुठले मासे, कुठल्या कोंडी, कुठल्या राया याची लोकांची नोंदवही करायची असते, ती एखाद्याने ऑफिसात बसून कॉपी-पेस्ट करून देण्याची वस्तू नाही. आपल्या म्हाताऱ्यांना जे माहीत आहे ते त्यांच्याबरोबर जायच्या आत लिहून घ्यायला तुमची कॉलेजची पोरं मे महिन्यात पाठवा.

गडचिरोलीचं मेंढा गाव तर याच्याही पुढे गेलं, तिथल्या लोकांनी आधी सरकारी जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि मग 2013 मध्ये ग्रामदान कायद्याखाली स्वतःच्या खाजगी शेतजमिनीसुद्धा ग्रामसभेच्या नावाने केल्या. आपल्याकडे एवढं कोणी करणार नाही, मी मागतही नाही. पण जमीन विकायच्या आधी गावाला विचारायचं, एवढं तर आपण करूच शकतो ना.

पैशाचं मी टाळत नाहीये. मिल बंद पडल्यापासून घराघरात काय ओढाताण झाली ते आमच्या पिढीने बघितलंय, मुलांच्या फिया, हॉस्पिटल, रूमचं कर्ज, अशा वेळी गावच्या डोंगराचे चार पैसे येत असतील तर ते नको म्हणणं सोपं नाही. म्हणून नुसतं तोडू नका म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पुण्याची एईआरएफ (अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन) म्हणून संस्था आहे, आपल्याच संगमेश्वर तालुक्यात कितीतरी वर्षं काम करते, त्यांनी जमीनमालकांशी करार करून जंगल उभं ठेवायचा मोबदला दिलाय, बेहड्याची फळं झाड न तोडता शास्त्रशुद्ध गोळा करून फेअरवाइल्ड, म्हणजे रानातला माल रान न बिघडवता गोळा केल्याच्या, प्रमाणपत्राखाली औषधवाल्यांना विकायची व्यवस्था उभी केलीय. ज्या बेहड्यावर धनेशाची ढोली त्याच बेहड्याची फळं विकून पैसे, झाड दोघांसाठी उभं. हे सगळ्या डोंगरांना लगेच पुरेल असं नाही, पण रातांबे, हिरडा, शिकेकाई, जांभूळ यांना मुंबईत गिऱ्हाईक कोण शोधणार? आम्ही इथून माल देऊ, तिथे तुमच्या सोसायट्या आहेत, ऑफिसं आहेत, दादर-परळच्या दुकानदारांशी ओळखी आहेत. आगळ आणि आमसुलं तुम्ही बाजारातून विकत घेता आणि आपली रातांब्याची झाडं सरपणाला जातात, हे थांबवणं तुमच्या हातात आहे.

आणि वणवा. फेब्रुवारीपासून दर दोन दिवसांनी कुठला ना कुठला डोंगर जळत असतो, कोणी गवतासाठी लावतो, कोणी शिकारीसाठी, कोणाची विडी. लावलेला नवीन काजूही जळतो आणि राखलेलं जंगलही. जानेवारीत हद्दीहद्दीने जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढलेले पट्टे, काढल्या तर निम्म्याहून जास्त वाचतं, गावातल्या पोरांना आठ-दहा दिवसांची मजुरी द्यायला लागेल. क्रिकेट स्पर्धेच्या ट्रॉफ्यांवर आणि टी-शर्टवर जो खर्च होतो त्यातला थोडा भाग इकडे वळवलात तरी भागेल, स्पर्धा बंद करा असं म्हणत नाही, पोरांनी खेळलंच पाहिजे.

आता नक्की काय हवंय ते लिहिते. गणपतीच्या आधी तुमच्या मंडळाची जी मीटिंग होते तिच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. ठराव करा की वाडीतला कुठलाही सामायिक डोंगर तोडायला किंवा विकायला द्यायचा असेल तर आधी मंडळात आणि ग्रामसभेत सांगायचं, गणपती-शिमग्याच्या गडबडीत कोणी सही करायची नाही, कोऱ्या कुलमुखत्यारपत्रावर तर कधीच नाही. पऱ्याच्या दोन्ही काठांची, झऱ्याच्या डोक्यावरची आणि राईची झाडी कुठल्याही व्यवहारात धरायची नाही. तोड करायचीच वेळ आली तर खुंट ठेवून, टप्प्याटप्प्याने, जेसीबीशिवाय. आणि ज्या जमिनीच्या वारस नोंदी राहिल्यात त्या लावून घ्या, बहिणींच्या नावांसकट, म्हणजे एकट्यादुकट्याला गाठून काम उरकायची सोयच राहणार नाही.

ठरावाची एक कॉपी ग्रामपंचायतीत द्या, एक तालुक्याला वनखात्याच्या ऑफिसात. त्या मीटिंगला गावातून आम्ही दोघीतिघी यायला तयार आहोत, सातबारे, नकाशा आणि तोड झालेल्या डोंगरांचे फोटो घेऊन येऊ, रात्रीच्या गाडीने निघून सकाळी पोचता येतं. फक्त रविवार धरा आणि तारीख पंधरा दिवस आधी कळवा, लावणीचे दिवस आहेत.

तुमची,
गावात राहणारी एक बहीण आणि सातबाऱ्यावरची सहहिस्सेदार